पुन्हा शाळेत, पण मागच्या रांगेत

निवृत्त माणसाला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "मग, वेळ कसा जातो?" माणूस शिक्षक असला तर प्रश्नाला शेपूटही असतं, "तुमचं काय बाई, पेन्शन आहे, आराम आहे!" मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधून शिकवलं आणि २०१९च्या मे महिन्यात, ५८ वर्षं पूर्ण झाल्यावर, रीतसर शाल-श्रीफळ घेऊन घरी आले. पहिली दोन-तीन वर्षं मीही या प्रश्नाला ठरलेली उत्तरं दिली. नातवंडं आहेत, परसात भाजी लावली आहे, पंढरीला जाऊन आले, वगैरे. आता उत्तर वेगळं आहे. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, अकरा ते एक, मी शाळेत जाते. शिकवायला नाही, तिसरी-चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीपाशी बसायला.

'शिकवायला नाही' असं मी मुद्दाम म्हणते आहे. ऐकणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे निवृत्त शिक्षक बरेच असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात अधूनमधून येत असेल की, अजून अंगात ताकद आहे, गावात शाळा आहे, तिथं मुलं आहेत, मग आपण का जाऊ नये? जरूर जावं. पण शाळेत जाऊन काय करायचं, हे आपल्याला वाटतं तितकं आपल्याला ठाऊक नसतं. निदान मला ठाऊक नव्हतं. ते मी कसं शिकले, कुणाकडून शिकले, तेवढंच आज सांगणार आहे.

माझं घर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. शेजारच्या गावात चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा आहे. कायद्याने, म्हणजे २०१० साली लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने, प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. हिशेब बरोबर आहे, पण इयत्ता चार असतात. म्हणजे एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. एका वर्गाला फळ्यावर गणित घालायचं आणि दुसऱ्या वर्गाला शुद्धलेखन द्यायचं. त्यात खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बैठका आणि निवडणुकीचं काम. ही कसरत मी स्वतः आयुष्यभर केली आहे, त्यामुळे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. अशा वर्गात जे मूल मागे पडतं, त्याच्या शेजारी बसायला कुणाला सवड नसते, एवढंच सांगायचं आहे.

त्यात करोना आला. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले प्राथमिकचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. जून २०२२मध्ये जी मुलं तिसरीत बसली, त्यांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नव्हता, आणि दुसरीही अर्धीमुर्धीच. ज्या वयात बोट धरून अक्षरं गिरवायची, त्या वयात ती मुलं ओट्यावर आणि रानात होती. त्या जूनमध्ये शाळेचे मुख्याध्यापक मला एस.टी. स्टँडवर भेटले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा येऊन बघता का?" मी तर वाटच बघत होते.

पहिल्या आठवड्यात मी जे केलं, ते सांगायला आज लाज वाटते. तिसरी-चौथीला तरुण मॅडम आहेत. (आमच्या वेळी 'बाई' होत्या, आता 'मॅडम' असतात.) त्या फळ्यावर वजाबाकी शिकवत होत्या. एका मुलाचा हातचा चुकला आणि मी मागून मोठ्यानं म्हणाले, "अरे, दशकाकडून घेतलास, तो परत कुणी द्यायचा?" सगळ्या वर्गाने माना वळवल्या. मुलं हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी उठून फळ्यापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या हातातला खडू जवळजवळ माझ्या हातात आला होता. मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. पण तुम्ही बोलायला लागलात की मुलं माझ्याकडे बघायची थांबतात. तुम्ही एक वाजता जाता. मला पाच वाजेपर्यंत त्यांना सांभाळायचं असतं."

मी घरी आले आणि दिवसभर धुसफुसत राहिले. माझी नोकरी तिच्या वयाएवढी! संध्याकाळी मात्र आठवलं. मी नवीन असताना एक विस्तार अधिकारी वर्गात येऊन माझ्यासमोर मुलांना शिकवून दाखवायचे. ते गेल्यावर वर्ग ताब्यात घ्यायला मला दोन दिवस लागायचे. तेव्हा निवृत्त शिक्षकाने पाळायचा पहिला नियम मला त्या मॅडमनी शिकवला. वर्ग एकाचाच असतो. हजेरीपट, फळा आणि खडू ज्याच्याकडे, वर्ग त्याचा. आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरून आमटीत मीठ घालू नये.

मग आम्ही बसून ठरवलं. मी फळ्याकडे जाणार नाही. मुलांना शिक्षा करणार नाही. कान धरायचा नाही आणि टपलीही मारायची नाही. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे तर झालंच, पण आमच्या पिढीचा हात सवयीने उठतो, म्हणून ते स्पष्ट बोलून घेतलेलं बरं. मुलांना घेऊन मी बंद खोलीत बसणार नाही. व्हरांड्यात किंवा वर्गाच्याच मागच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं बसेन. जी मुलं मॅडम सांगतील तीच घेईन, आणि आठवड्याच्या शेवटी कोण कुठवर आलं ते त्यांना सांगेन. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे सगळं मांडलं. ज्यांच्या मुलांना मी बाजूला घेणार, त्या पालकांची लेखी संमती घ्यायची, असंही ठरलं. या संमतीच्या कागदाची गोष्ट मी पुढे सांगणार आहे.

मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे एक मुलगी पाठवली. तिसरीतली, चुणचुणीत. मी म्हटलं, "बाळ, धडा वाच." तिनं पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचायला लागली. आवाज खणखणीत. मला वाटलं, हिला कशाला पाठवलं? मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंडात ओळीतला शेवटचा शब्द होता आणि बोट अजून मधल्या शब्दावर. मी म्हटलं, "आता याच ओळीतला शेवटचा शब्द आधी वाच. मग त्याच्या अलीकडचा." ती गप्प झाली. माझ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून धडा म्हणायला लागली.

तिला वाचता येत नव्हतं. तिला धडा पाठ होता.

हे कसं होतं, ते आपल्या लोकांना माहीत आहे. वर्गात एक मूल वाचतं आणि बाकीची त्याच्यामागून एका सुरात म्हणतात. ज्याचा कान तयार आहे, त्याला चार दिवसांत धडा तोंडपाठ होतो. शिक्षकाच्या कानावर शुद्ध मराठी पडत असते आणि डोळ्यांसमोर चाळीस तोंडं हलत असतात. वाचणारं मूल कोणतं आणि म्हणणारं कोणतं, हे त्या गजरात ओळखू येत नाही. ओळखायची रीत अगदी साधी आहे. ओळ उलटी वाचायला सांगा. नाहीतर मुलानं कधीच न पाहिलेला मजकूर समोर ठेवा.

'प्रथम' संस्था २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी करते. घरोघर जाऊन मुलांच्या हातात एक कागद देतात. त्यावर चार गोष्टी असतात. सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल यातलं काय वाचू शकतं, तेवढंच बघायचं. ते कोणत्या इयत्तेत आहे, हा प्रश्न बाजूला. मीही अशाच धर्तीचे कागद हाताने लिहिले आणि तिसरी-चौथीच्या १९ मुलांना एकेकटं बसवून वाचायला दिले. ७ मुलं परिच्छेदापर्यंत पोचली नाहीत. त्यातली तीन अक्षरांवरच अडली. चुणचुणीत मुलगी शब्दांपर्यंत आली आणि जोडाक्षर दिसताच थांबली.

आता पुढे काय करायचं? इथे आमच्या व्यवसायाची सवय आडवी येते. शिक्षकाचा हात आपोआप पाठ्यपुस्तकाकडे जातो. जुलै आहे ना, मग जुलैचा धडा. आमचं सगळं आयुष्य 'अभ्यासक्रम पूर्ण झाला का' या एका प्रश्नावर गेलेलं असतं. पण जे मूल अक्षरांवर आहे, त्याला तिसरीचा धडा कितीही चांगला समजावला तरी ते अक्षरांवरच राहतं.

या बाबतीत एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २००१ ते २००३च्या सुमारास मुंबई आणि बडोद्याच्या शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रमाची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. त्याच वस्तीतल्या, बेताचं शिक्षण झालेल्या तरुण मुली मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायच्या आणि अगदी पायापासून वाचन-गणित करून घ्यायच्या. तपासणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर या दोघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीकडे गेलेली मुलं स्पष्टपणे सुधारली. पण गंमत पुढेच आहे. ती मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्गातली गर्दी कमी झाली होती, तरी वर्गात उरलेल्या मुलांना त्याचा असा काही लाभ झालेला दिसला नाही. याचा अर्थ नुसती संख्या कमी होऊन भागत नाही. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करणारं कुणीतरी लागतं. बालसखींकडे डी.एड. नव्हतं आणि ३६ वर्षांचा अनुभवही नव्हता. त्यांना अभ्यासक्रम संपवायचा नव्हता, म्हणून त्यांना मूल दिसलं. आपल्याकडे अनुभव आहे, पण आधी तो अभ्यासक्रम डोक्यातून खाली ठेवावा लागतो.

मी काय करते, ते थोडक्यात सांगते. एका वेळी तीन किंवा चार मुलं, पंचवीस मिनिटं. सगळी एकाच पायरीवरची, मग इयत्ता कोणतीही असो. पहिली पाच मिनिटं मी त्यांना गोष्ट वाचून दाखवते आणि ओळीखालून बोट फिरवते. मग कागदाच्या पट्ट्यांवरचे शब्द. मग मुलानं काल घरी काय झालं ते एका वाक्यात सांगायचं. मी ते त्याच्याच शब्दांत लिहिते आणि त्यानं ते वाचायचं. "आमची म्हस याली" असं सांगितलं तर मी 'म्हैस व्यायली' करत बसत नाही. आधी त्याचं वाक्य त्याला कागदावर दिसू दे, पुस्तकातलं मराठी नंतर येतंच. शेवटी प्रत्येकानं एकट्यानं, माझ्या कानाशी, चार ओळी वाचायच्या. एका सुरात काहीही म्हणायचं नाही.

मराठी वाचायला सोपी, जसं लिहितो तसं बोलतो, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण मुलाच्या डोळ्याने एकदा बघा. 'पिशवी' शब्दात पहिल्यांदा दिसते ती वेलांटी आणि मग 'प'. उच्चार मात्र 'प'चा आधी. त्याच शब्दात 'वी'ची वेलांटी उलट बाजूला. आणि 'र' तर बहुरूपीच. 'चक्र'मध्ये तो तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, 'ट्रक'मध्ये पायाखाली जातो, 'दऱ्या'मध्ये निराळाच आकार घेतो आणि 'सूर्य'मध्ये रफार होऊन डोक्यावर चढतो. त्यातही खोच अशी की, रफार बसतो 'य'च्या डोक्यावर, पण म्हणायचा 'य'च्या आधी. मोठ्या माणसाला हे दिसतच नाही, कारण त्याचा डोळा सरावलेला असतो. मुलाला ते आयतं समजावं ही अपेक्षा चूक आहे. एकेक रूप वेगळं काढून, त्याच्या ओळखीच्या शब्दात दाखवावं लागतं.

त्या मुलीचं घोडं रफारावर अडलं होतं. पुस्तकातले 'पर्वत', 'वर्ष', 'सूर्य' सगळे झाले, पण जमेना. एक दिवस मी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" म्हणाली, "टेंपो चालवतात." "टेंपोवर मागे काय लिहिलंय?" तिनं लगेच सांगितलं, "आईचा आशीर्वाद." मी पट्टीवर तो शब्द लिहिला. म्हटलं, "हळूहळू म्हण. आ, शी, मग?" ती म्हणाली, "र्... वा." "मग तो 'र्' कुठं गेला?" तिनं पट्टीवर बराच वेळ शोधला. मग 'वा'च्या डोक्यावरच्या टोपीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा होय! हा वर जाऊन बसलाय." त्या दिवशी ती वर्गातल्या भिंतीवरचे रफार मोजत सुटली.

गणिताचंही असंच. वजाबाकी चुकते ती पुष्कळदा वजाबाकीत नसतेच, संख्येच्या नावात असते. एकोणपन्नास म्हटलं की मुलाच्या कानात 'पन्नास' शिरतं आणि ते ५९ लिहून मोकळं होतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण ज्यांनी मागे पडलेल्या मुलाजवळ बसून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले आहेत, त्यांना ती सुचवण कुठून आली ते नक्की कळलं असेल. मी गठ्ठेच वापरते. दशक सोडवून सुट्या काड्या केल्या की हातचा समजावून सांगावा लागत नाही, तो हातात येतो.

आता त्या संमतीच्या कागदाकडे येते. मुलीचे वडील सही करायला शाळेत आले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, घडी घातली आणि म्हणाले, "चष्मा आणला न्हाई बाई. घरी निवांत वाचतो." माणूस ३६ वर्षांचा. गेल्याच पंधरवड्यात त्याला मी बिनचष्म्याचा टेंपो हाकताना पाहिलं होतं.

आणि मग मला तो चेहरा ओळखू आला. १९९२ ते ९७ मी याच शाळेत होते. हा तिसरीत माझ्या वर्गात होता. तेव्हाही असाच खणखणीत आवाज. कुणी साहेब तपासणीला आले की मी त्यालाच उभा करायची आणि तो कविता म्हणून वर्गाची लाज राखायचा. मी त्याला ओळख दिली. त्याचा चेहरा खुलला. अगदी कौतुकाने म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्याकडनं नेहमी कविताच म्हणून घ्यायच्या. पुस्तक कधी हातात द्यायच्या न्हाई."

त्याच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. त्याच्या प्रगतिपुस्तकात मराठीच्या रकान्यात मी काय लिहिलं असेल, ते मला सांगायला नको. 'चांगले' लिहिलं असेल, आणि त्याला चौथीत ढकलला असेल. जी खोड मी मुलीत पहिल्या दिवशी पकडली, ती बापात वर्षभर माझ्यासमोर उभी होती आणि मी टाळ्या वाजवत होते. तेव्हा वर्गात ५२ मुलं होती, हे खरं आहे. पण त्याला एकदा, फक्त एकदा, ओळ उलटी वाचायला सांगायला दोन मिनिटं पुरली असती, हेही खरं आहे.

मी तो कागद त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवला, वर्गातल्या सगळ्या पालकांना वाचून दाखवते असं म्हणून. त्यानं सही केली. सही सुरेख आहे त्याची.

लोक म्हणतात, बाई सेवा करतात. मला तो शब्द पेलत नाही. फेडायचं आहे, एवढंच म्हणेन. आणि मला वाटतं, प्रामाणिकपणे मागे वळून बघितलं तर प्रत्येक शिक्षकाला असे दोन-चार चेहरे आठवतील.

आता एक अवघड गोष्ट. आपण शाळेत गेलो म्हणून सरकारने शिक्षक भरायचा थांबता कामा नये. जुलै २०२३मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर तात्पुरतं घ्यायचा निर्णय झाला, तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांनी विरोध केला. मला त्यांचं म्हणणं पटलं. पगाराची जागा ही त्यांची आहे. स्वयंसेवकाने वर्गशिक्षकाची जागा घेऊ नये. मॅडम रजेवर असल्या तरी मी वर्ग 'घेत' नाही, मुख्याध्यापक दोन्ही वर्ग एकत्र बसवतात आणि मी माझी चार मुलं घेऊन बसते. नाहीतर कुणीतरी वरून म्हणेल, चाललंय की बरं! शिक्षकाचं काम शिक्षकाने करावं आणि त्याला ज्यासाठी सवड मिळत नाही तेवढंच आपण करावं. ही रेघ आपणच आखून घ्यायची असते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निवृत्तांनी, शिकल्या-सवरल्या गावकऱ्यांनी शाळेला मदत करावी असं म्हटलं आहे. केंद्र सरकारच्या 'विद्यांजली' उपक्रमात स्वयंसेवक म्हणून नावही नोंदवता येतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे. म्हणजे दार उघडं आहे. पण दारातून कसं शिरायचं, याचं शिक्षण आपल्याला कुणी देत नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात साठीपुढची माणसं आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळांत पहिल्या काही इयत्तांच्या मुलांना मदत करत. 'एक्सपिरियन्स कोअर' असं त्या उपक्रमाचं नाव. तिथं लोकांना आधी प्रशिक्षण दिलं जाई आणि एका शाळेत एकट्यादुकट्याला न पाठवता गट करून पाठवत. मला हे शहाणपणाचं वाटतं. माझ्या शाळेत आता आणखी एक निवृत्त गुरुजी येतात. माझा गुडघा धरला की ते येतात आणि त्यांची शेतीची कामं निघाली की मी जाते. मुलांचा वार चुकत नाही. कारण स्वयंसेवकाचा खरा दोष हाच, की तो मनाला येईल तेव्हा येतो. ज्या मुलाशी आजवर कुणी सलग बसलं नाही, त्याला आपण वार देऊन गेलो नाही, तर न गेलेलं बरं.

सगळं सुरळीत होतं असंही समजू नका. एक मुलगा पट्टी डोळ्यांना चिकटवायचा. मी दोन आठवडे त्याला अक्षरं शिकवत बसले. दोष डोळ्यांचा होता, तो तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितला. दुसरा मुलगा नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला. हुशार होता, अक्षरांवरून शब्दांवर चार महिन्यांत आला. पट्टा पडला आणि मार्चमध्ये कोपी उठली. पुढच्या शाळेसाठी मॅडमनी त्याला कागद करून दिला आणि मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'याला साधे शब्द वाचता येतात, आता वाक्यं द्यावीत.' ती चिठ्ठी कुणाच्या हातात पडली का, मला माहीत नाही. सातांपैकी वर्ष संपताना पाच मुलं न पाहिलेली गोष्ट वाचत होती. दोन अजून अडखळत होती. चौथीतून पाचवीत, दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेल्या मुलाला तिथं कुणी जवळ घेतलं असेल, अशी आशा करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

ती मुलगी वाचणाऱ्या पाचांत होती. वार्षिक पालकसभेची चिठ्ठी तिनं घरी नेली आणि बापाला वाचून दाखवली. हे मला तिनंच सांगितलं. सभेला तो आला तेव्हा मागे थांबला. बाकीचे पांगल्यावर म्हणाला, "बाई, ते उलटं वाचायचं मला बी लावलं तिनं." आणि हसला. मी म्हटलं, "मी मंगळवार, बुधवार, गुरुवार असते. एक वाजल्यानंतर मला काही काम नसतं." तो बरं म्हणाला. अजून आलेला नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही, पण एक वाजल्यावर पंधरा मिनिटं व्हरांड्यात बसायची मला सवय लागली आहे.

ऐकणाऱ्या माझ्या निवृत्त भावंडांना एवढंच सांगते. येत्या आठवड्यात जवळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना विचारा, वर्गशिक्षकांना त्याहून आधी विचारा. कोणते वार, किती वेळ, ते ठरवून द्या. खुर्ची मागे मागून घ्या. आणि पहिलं मूल समोर आलं की त्याच्या आवाजावर जाऊ नका. त्याचं बोट कुठे आहे, ते बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)